ब्लास्टिंग: गन हातात घेण्याआधी आणि खाली ठेवल्यानंतर

कुडाळला माझं ब्लास्टिंग आणि पेंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने गनमधून बारीक दाणा मारून वस्तूवरचा गंज आणि जुना रंग काढणं. गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या बाजूने एका जुन्या घरातून टेम्पो आला. त्यात समुद्राचा वारा खाऊन गंजलेलं लोखंडी फाटक होतं, आणि माजघराच्या चार सागवानी तुळया. मालक म्हणाले, "दादा, दोन्हीला एकदम मारून घ्या. संध्याकाळी टेम्पो रिकामाच जातोय." टेम्पो रिकामाच गेला. फाटक चौथ्या दिवशी गेलं आणि तुळयांना तीन आठवडे लागले. प्रत्यक्ष गन चालली ती सगळी मिळून जेमतेम एक दिवस. बाकीचा वेळ कुठे गेला, तेच इथे सविस्तर लिहितोय. या धंद्यात काम बिघडतं ते बहुतेक वेळा त्या बाकीच्या वेळातच.

आधी नावाबद्दल. सगळे 'सँडब्लास्टिंग' म्हणतात, पण नदीची किंवा समुद्राची वाळू यात वापरायची नाही. बेंजामिन च्यू टिल्घमन या अमेरिकन माणसाने 1870 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हा वाळू होती, म्हणून नाव चिकटलं. वाळूचा दाणा लोखंडावर आपटून फुटला की त्यातल्या सिलिकाची इतकी बारीक धूळ होते की ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे ती जे करते त्याचं नाव सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला 1949 मध्येच बंदी घातली. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यानेही सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग ठरवला होता. तरीही रस्त्याकडेला उघड्यावर, तोंडाला रुमाल बांधून वाळू मारणारी पोरं अजून दिसतात. तुमचं काम कुणी असं स्वस्तात करून देत असेल तर देऊ नका.

हवा पुरते का ते आधी बघा

"घरी दोन एचपीचा कंप्रेसर आहे, त्याच्यावर होईल का?" असं विचारणारे बरेच असतात. हिशोब साधा आहे. एक एचपीमागे 7 बार दाबाला, म्हणजे जवळजवळ 100 पीएसआयला, साधारण 4 सीएफएम (मिनिटाला 4 घनफूट) हवा धरा. म्हणजे दोन एचपीला 8 सीएफएम. 100 पीएसआय दाबाला नोझल, म्हणजे गनचं तोंड, किती हवा खातं ते बघा: 3 मिलिमीटर बोरचं (भोकाचं) 20 सीएफएम, साडेसहा मिलिमीटरचं 80, आणि साडेनऊ मिलिमीटरचं जवळजवळ 200. म्हणजे दोन एचपीवर छोट्या कॅबिनेटमध्ये (ब्लास्टिंगच्या बंद पेटीत) बिजागरी, कडी, कोयंडा साफ होईल, तेही थांबून थांबून. फाटकासाठी साडेसहाचं नोझल आणि किमान 20 एचपीचा कंप्रेसर लागतो. एवढ्यासाठी कुणी कंप्रेसर विकत घेत नाही, भाड्याने आणतात किंवा काम वर्कशॉपला देतात.

दाब मोजायचा तो नोझलपाशी. पॉटवरचं, म्हणजे दाणा भरायच्या टाकीवरचं, घड्याळ 100 दाखवतं आणि तीस मीटर बारीक होजमधून जाता जाता नोझलला 70 उरतात. होजला सुई टोचून दाब मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते एकदा लावून बघा. 100 च्या खाली एकेक पीएसआय गेला की कामाचा वेग दीड टक्क्याने पडतो, असा या धंद्यातला जुना हिशोब आहे. होजचा आतला व्यास नोझलच्या बोरच्या तीन ते चारपट असावा. आणि नोझल झिजतं. साडेसहाचं झिजून आठचं झालं की तेच नोझल 80 ऐवजी 137 सीएफएम मागतं, कंप्रेसर धापा टाकायला लागतो, आणि माणूस समजतो की गार्नेट, म्हणजे मारायचा दाणा, खराब आलंय. माझ्या टेबलावर आठ मिलिमीटरचं ड्रिल बिट ठेवलेलं असतं. ते नोझलमध्ये गेलं की नोझल भंगारात.

हवा कोरडीही हवी. कोकणात तर हे पहिलं. आफ्टरकूलर (कंप्रेसरची गरम हवा थंड करणारा) आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर पॉटमध्ये गार्नेटची पेंड होते, आणि फिल्टर नीट नसेल तर कंप्रेसरचं तेल सरळ लोखंडावर जाऊन बसतं. परीक्षा सोपी: गार्नेटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून नुसती हवा सोडा आणि समोर दीड-दोन फुटांवर पांढरं स्वच्छ फडकं मिनिटभर धरा. ओलं किंवा पिवळट झालं तर काम सुरू करू नका.

फाटक: गन चालण्याआधी

ब्लास्टिंगने गंज जातो, रंग जातो, नव्या लोखंडावरची काळी-निळी खपली जाते. तेल आणि ग्रीस जात नाही. ते नुसतं पसरतं, दाण्याला लागतं आणि पुढच्या वस्तूवर जातं. म्हणून बिजागऱ्यांपाशी, कुलपापाशी, चाकांपाशी आधी थिनरने किंवा डिटर्जंटने धुऊन घ्यायचं. थिनरचं फडकं सारखं बदलायचं, नाहीतर तेच तेल इकडचं तिकडे.

मग ग्राइंडर. वेल्डिंगचे उडालेले दाणे काढा, आणि धारदार कडा गोल करा, साधारण दोन मिलिमीटरच्या गोलाईच्या. रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि नेमका तिथे पातळ राहतो. गंजलेलं कुठलंही फाटक बघा, सुरुवात गजाच्या मधोमध कधी झालेली नसते. ती कडेला आणि सांध्यातच झालेली असते. गंजून कागदासारखा झालेला भाग आत्ताच कापून नवा वेल्ड करून घ्या, कारण गन मारली की तिथे भोक पडणारच.

समुद्राजवळच्या लोखंडाला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्या वर्षी असंच एक फाटक दुपारी मारून चकचकीत करडं केलं, जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर गंजाच्या प्रत्येक जुन्या खड्ड्याच्या तळाशी मोहरीएवढा काळा ठिपका. फुंकर मारली, ब्रश मारला, जाईना. ते खड्ड्यात दडलेलं मीठ होतं, आणि हवेतली ओल ओढून त्याने गंज परत सुरू केला होता. मी वरून प्रायमर मारून दिलं. पहिल्या पावसाळ्यातच रंगाला फोड आले आणि सगळं फुकटात परत करून द्यावं लागलं.

आता क्रम असा ठेवतो: गोड्या पाण्याने प्रेशर वॉशरने धुणं, वाळवणं, पहिला हात मारणं, पुन्हा गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं आणि मग शेवटचा हात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुऊन उपयोग नाही, उलट तोटाच. मोठ्या कामात पृष्ठभागावरचं मीठ मोजायच्या ब्रेसल पट्ट्या वापरतात. घरगुती फाटकाला कुणी त्या लावत नाही, तिथे रात्रभर ठेवून सकाळी काळे ठिपके येतात का बघणं हीच चाचणी. या फाटकाचे चार दिवस इथेच गेले.

दाणा, अंतर, कोन

लोखंडासाठी मी गार्नेट वापरतो. ओडिशाच्या आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून निघणारं हे लालसर खनिज. कडकपणा मोहसच्या दहापर्यंतच्या मापावर सात ते साडेसात, आणि मोकळं सिलिका नगण्य. 30/60 जाळीचं (जाळी म्हणजे चाळणीवरून ठरणारं दाण्याचं माप) गार्नेट फाटकाला बरोबर. चाळून, धूळ उडवून दोन-तीनदा वापरता येतं, पण खाली ताडपत्री अंथरली असेल आणि दाणा ओला झाला नसेल तरच. तांब्याच्या कारखान्यातून निघणारी काळी स्लॅग, म्हणजे मळी, स्वस्त पडते, पण धूळ जास्त आणि एका वापरात संपते. स्टीलचे छर्रे आणि ग्रिट (टोकदार दाणे) बंद खोलीत, गोळा करून पुन्हा पुन्हा वापरायला उत्तम. उघड्यावर परवडत नाही. स्टेनलेस स्टीलवर मात्र लोखंडी दाणा कधीच मारू नका, त्याचे कण रुतून स्टेनलेसलाच गंज चढतो. पातळ पत्राही जपा. दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर पूर्ण दाब मारला की तो पापडासारखा वाकतो, आणि तो सरळ करणारा अजून मला भेटलेला नाही.

नोझल फूट-दीड फुटावर. चिवट काळी खपली असेल तर जवळ आणि जवळजवळ सरळ, जुना रंग सोलायचा असेल तर 45 ते 60 अंशांत तिरकं, म्हणजे दाणा थराखाली शिरून त्याला उचलतो. हात सावकाश आणि एकसारखा फिरवा, एका जागी ठेवू नका. आधी कोपरे, सांधे, गजांच्या मागच्या बाजू; मोकळे सपाट भाग शेवटी. नवखा माणूस उलटं करतो, कारण सपाट भाग भराभर पांढरा होतो आणि बरं वाटतं.

कुठवर मारायचं याला आयएसओ 8501-1 हे फोटोंचं मानक आहे. त्यात एसए 1, एसए 2, एसए 2½ आणि एसए 3 अशा पायऱ्या आहेत. वर्कशॉपमध्ये 'एसए अडीच' म्हणतात: गंज, रंग, खपली सगळं गेलेलं, कुठे पुसट डाग किंवा रेघ दिसली तर चालते. समुद्राजवळच्या फाटकाला अडीच हवंच, झिंक प्रायमर त्याच्याखाली धरत नाही. एसए 3 मागणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा कुणाचं तरी ऐकून आलेला असतो. घरच्या फाटकासाठी त्याचे पैसे वाया.

अडीच झालं म्हणजे काम झालं असं नाही, खरखरीतपणाही मोजायचा. दाण्याने लोखंडावर शिखरं आणि दऱ्या तयार होतात आणि रंग त्यांना धरून बसतो. 40 ते 75 मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) हे चांगलं माप. मोजायला फेसासारखी टेप येते. ती दाबून घासली की दऱ्यांचा ठसा उमटतो, मग मायक्रोमीटरने जाडी बघायची. जाड दाणा वापरून शिखरं 100 मायक्रॉनची केली आणि वर 40 चा प्रायमर मारला तर टोकं उघडीच राहतात, आणि महिन्याभरात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके वर येतात.

अंगावर काय घालायचं यावर वाद घालू नका. बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेट, चामड्याचा कोट आणि हातमोजे, कानात प्लग. साधा मास्क इथे चालत नाही. हेल्मेटची हवा वेगळ्या फिल्टरमधून यावी, आणि कंप्रेसरची हवा ओढायची बाजू डिझेलच्या धुराजवळ नको, नाहीतर त्या हेल्मेटमधून कार्बन मोनॉक्साइड जातो. गनला डेडमॅन हँडल हवं: हात सुटला की हवा बंद. दिवसभर दाबून बोटं दुखतात म्हणून ते तारेने बांधून ठेवणारे कामगार मी पाहिलेत. सुटलेली होज सापासारखी उसळते आणि समोर येईल त्याला फोडते. होजच्या प्रत्येक जोडाला सुरक्षेची दोरी, आणि पॉट-होजला अर्थिंग, म्हणजे स्थिर विजेचे झटके बसत नाहीत.

जुना रंग 2017 च्या आधीचा असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. अशा कामाची धूळ बागेत, विहिरीजवळ नको; ताडपत्रीवरून उचलून पोत्यात बंद करून वेगळी ठेवायची, आणि पोरांना तिथे फिरकू द्यायचं नाही.

पुढचे चार तास

उघडं लोखंड गंजायला टपलेलंच असतं. मी चार तास धरतो, पावसाळी हवेत त्याहून कमी. आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्याच्या, किमान तीन अंश वर. हे नुसतं पुस्तकी नाही. जूनमधल्या एखाद्या दिवशी हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू सव्वापंचवीसच्या आसपास येतो, म्हणजे लोखंड सव्वाअठ्ठावीसच्या वर हवं. सावलीत रात्रभर थंड पडलेलं फाटक सकाळी आठला तेवढं नसतं. म्हणून आमच्याकडे ब्लास्टिंग सकाळी दहानंतर, आणि दुपारी चारपर्यंत प्रायमर आटपलेला. आभाळ भरलं असेल तर त्या दिवशी नाहीच.

कोरड्या हवेने धूळ उडवा, मग पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावून बघा. पट्टी काळपट दिसली तर पुन्हा हवा मारा. उघड्या हाताने लोखंडाला हात लावू नका. घामाचा पंजा दुसऱ्या दिवशी गंजात उमटतो, तोही पाच बोटांसकट. प्रायमर स्प्रे करण्याआधी कडा, वेल्ड आणि सांध्यांवर ब्रशने एक पट्टा ओढून घ्यायचा. वेंगुर्ल्याच्या फाटकावर मी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर 60 मायक्रॉन, मधला इपॉक्सी थर 120 आणि वर पॉलियुरेथेन 60 असं बसवलं. डब्यावर 'घन भाग 50 टक्के' लिहिलं असेल तर 60 कोरडे मिळायला 120 ओले मारावे लागतात. ओला थर मोजायचा कंगवा अगदी थोड्या पैशात मिळतो, तरी बहुतेक पेंटरांच्या खिशात तो नसतो.

तुळया: इथे हात आखडता

लाकडाला ब्लास्टिंग लागतंच असं नाही, हे आधी सांगतो. कोरीव खांब, गणेशपट्टी, नक्षीची चौकट असेल तर स्क्रॅपर, रंग काढायचं जेल आणि वेळ, एवढंच. प्लायवूड आणि विनिअर तर गनखाली क्षणात उघडे पडतात. पण धुराने काळवंडलेल्या, चुना आणि ऑइलपेंटचे थर चढलेल्या साध्या तुळया, वासे, दारांच्या फळ्या यांना हलका हात मारला तर रंध्याने जाणारी जुनी हत्याराची खूण शाबूत राहते. डांबर फासलेलं असेल तर ते आधी खरवडून काढा. ते मऊ असतं, दाणा त्यात रुतून बसतो.

लाकूड ओलं नको. ओलावा मोजायच्या मीटरवर 15 टक्क्यांच्या आत आलं की सुरू करा. या तुळयांना छपराखाली पट्ट्यांवर रचून ठेवून तिथवर यायला दोन आठवडे लागले. मग खिळे, कड्या, जुने स्क्रू एकूण एक काढायचे. लोहचुंबक फिरवा, तुटलेलं टोक आत असेल तर कळतं.

दाब 30 पीएसआयपासून सुरू, क्वचित 50 ते 60 पर्यंत. दाणा बारीक: 80 जाळीचं गार्नेट, किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भरडा, किंवा कॉर्न कॉब, म्हणजे दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा. शेवटचे दोन लाकडाला जास्त मवाळ आहेत, पण जाड ऑइलपेंटवर फार वेळ खातात. खाण्याच्या सोड्याचं ब्लास्टिंगही करतात, मात्र सोडा लाकडाचा रंग गडद करू शकतो आणि राहिलेली पूड पॉलिशला धरू देत नाही. लाकडावर मी तो टाळतो.

आधी तुळईच्या भिंतीत जाणाऱ्या टोकावर, जिथे कुणी बघणार नाही, तिथे वीतभर मारून बघा. सागाच्या वर्तुळांत एक मऊ आणि एक कडक रेघ असते. दाणा मऊ रेघ आधी खातो आणि कडक रेघ वर उठून राहते. थोडं झालं तर सुंदर दिसतं, जास्त झालं तर लाकडाची वरवंट्यासारखी घासलेली जुनी गुळगुळीत अंगकांती जाते आणि ती परत येत नाही. फणसाचं लाकूड एकसारखं असल्याने तिथे हे कमी होतं. कडेच्या फिकट, कच्च्या लाकडावर दाब आणखी उतरवा. हात नेहमी रेषांच्या दिशेने, अंतर दीड फुटापेक्षा कमी नको, आणि थर पूर्ण जायची वाट न बघता पुढे सरका. राहिलेलं दुसऱ्या फेरीत जाईल.

दाणा नवा घ्या, हे ठळकपणे सांगायचं आहे. एकदा फाटकाखालचंच गार्नेट चाळून मी एका सागवानी दारावर मारलं. दिसायला छान झालं. मग ओल्या फडक्याने पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सबंध दारावर काळे बारीक ठिपके, जणू कुणी मिरपूड भुरभुरली. गार्नेटमध्ये लोखंडाची धूळ होती, आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडून ओल मिळाली की शाईसारखा काळा रंग तयार होतो. लिटरभर गरम पाण्यात 50-60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून ते डाग काढले. हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा वाळवण्यात आठवडा गेला. तेव्हापासून लाकडाचं गार्नेट वेगळ्या पिंपात, वर खडूने 'फक्त लाकूड'.

मारून झालं की लाकडाला बारीक लव सुटते. आधी व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने रेषांतला दाणा काढा, मग 150 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलकेच घोटा. भेगा लांबीने (पुट्टीने) भरू नका, तुळईत त्या असायच्याच. वाळवीचं औषध द्यायचं असेल तर आत्ताच, उघड्या लाकडावर. त्यावर डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ थांबून जवसाचं तेल: पहिला हात पातळ, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं फडक्याने पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. जवस तेलाची ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काम बाहेरून करून घेणार असाल तर

वर्कशॉपमध्ये चौरस फुटाचा दर विचारण्याआधी दाणा कोणता ते विचारा आणि पोतं बघा. ब्लास्टिंग आणि प्रायमर एकाच ठिकाणी, एकाच दिवशी होणार का ते विचारा. "मारून देतो, रंग तुम्ही घरी मारा" म्हणणाऱ्याकडून लोखंड आणू नका. तुमचा टेम्पो घरी पोचेपर्यंतच ते पिवळं पडायला लागलेलं असतं. लाकूड देणार असाल तर आधी तुमच्याच तुकड्यावर नमुना मागा. आणि मारणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हवेचं हेल्मेट आहे का, ते आत शिरतानाच दिसेल.

वेंगुर्ल्याचे मालक फाटक न्यायला आले तेव्हा आधी खाली वाकून बिजागरीच्या मागे बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "तुळया कधी?" मी मीटर दाखवलं. एकोणीस टक्के.